२१६ आलेख, एक मूळ फाइल

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत तीन ठिकाणी लॉगर (आपोआप नोंदी घेणारी यंत्रं) बसवलेत. पाण्याची पातळी, क्षारता, तापमान आणि गढूळपणा, दर १५ मिनिटांनी एक नोंद, १८ महिन्यांचा डेटा. व्ह्यूज या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसने ग्राफ करायला घेतले. चाळीसेक झाल्यावर गाइड म्हणाले, अक्षरं मोठी करा आणि सगळ्यांचा वाय-अक्ष सारखा ठेवा. पायथन थोडंफार येतं. आता सगळं मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत) नव्याने लिहायचं, की आहेत तेच ग्राफ पायथनने चालवता येतील?

आहेत तेच चालवा. तीन ठिकाणं, चार मापं, १८ महिने म्हणजे २१६ ग्राफ. एवढे माऊसने करणं म्हणजे निव्वळ हमाली. पण माऊसने केलेली मेहनत फेकून देऊन पहिल्या ओळीपासून कोड लिहायला बसणं हीसुद्धा हमालीच, फक्त जरा प्रतिष्ठेची. रेघ किती जाड, आकडे अक्षापासून किती लांब, सूची कुठल्या कोपऱ्यात, हे डोळ्यांनी आणि हाताने ठरवायचं काम आहे आणि ते तुम्ही केलेलं आहे. पायथनला फक्त उरलेलं द्या: डेटा बदल, तारखांच्या मर्यादा बदल, शीर्षक बदल, फाइल काढ, पुढचा महिना घे.

व्ह्यूज (स्पेलिंग व्ही-ई-यू-एस-झेड, बुचकळ्यात पाडणारं आहे) या कामाला इतकं सोयीचं का, ते आधी बघा. जेरेमी सँडर्स या खगोलशास्त्रज्ञाने सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर मुळात पायथनमध्येच लिहिलेलं आहे. तुम्ही सेव्ह केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत काही अगम्य नसतं, साध्या ओळी असतात. ॲड करून एक पान जोडलं, टू म्हणत त्या पानात शिरलं, पुन्हा ॲड करून ग्राफ जोडला, त्यात शिरून सेट म्हणत एक्स-अक्षाचं नाव दिलं, मग टू आणि दोन टिंबं, म्हणजे एक पायरी वर आले. कमांड प्रॉम्प्टवर फोल्डरांमधून फिरतो, अगदी तसंच. तुमची फाइल हीच पायथनची स्क्रिप्ट आहे, ती माऊसने लिहिली गेली एवढंच. (म्हणूनच कुणाकडूनही आलेली अशी फाइल डोळे मिटून उघडू नये. आत संशयास्पद कोड दिसला की व्ह्यूज परवानगी विचारतं. तेव्हा वाचून उत्तर द्या.)

आता एक युक्ती सांगतो. कमांडची पुस्तिका वाचत बसण्यापेक्षा मला हीच जास्त उपयोगी पडली. एखादी गोष्ट स्क्रिप्टमधून कशी करायची ते कळत नसेल तर ती माऊसने करा, फाइल दुसऱ्या नावाने सेव्ह करा आणि जुनी-नवी फाइल शेजारी ठेवून फरक बघा. व्ह्यूज फक्त बदललेल्या सेटिंग लिहितं, ठरलेल्या किमती लिहीत नाही, त्यामुळे फरक एखाद-दोन ओळींचाच येतो. तीच तुमची कमांड. आकड्यांना ४५ अंशांत तिरकं करणं, दुसरा वाय-अक्ष उजवीकडे नेणं, चुकीच्या नोंदींवर राखाडी पट्टा टाकणं हे सगळं मी असंच उचललंय.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी मात्र अर्धा तास नावं देण्यात घालवा. डावीकडच्या झाडात सगळ्या वस्तूंना पेज-वन, ग्राफ-वन, एक्सवाय-वन अशी आपोआप नावं मिळालेली असतात. स्क्रिप्ट वस्तू शोधते ती नावांच्या वाटेने: पान, त्यात ग्राफ, त्यात वाय, त्यात मिन. उद्या मधे एक ग्राफ घुसवला की एक्सवाय-थ्री म्हणजे कोण हे तुम्हालाही आठवणार नाही. पानांना पातळी, क्षारता, तापमान, गढूळ अशी रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता नावं द्या. डेटासेटचंही तसंच. वेळेच्या डेटासेटचं नाव वेळ, पातळीचं पातळी. त्यात ठिकाण नाही, महिना नाही. हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या पहिल्या फाइलीत डेटासेटचं नाव जुलैची पातळी असं होतं, आणि पुढचे अकरा महिने सगळ्यांचा डेटा जुलै म्हणून फिरत होता. मूळ फाइल (माऊसने सजवलेली, सगळ्या ग्राफांचा साचा असलेली) म्हणजे रिकाम्या खुर्च्या. खुर्चीवर नाव पदाचं हवं, माणसाचं नको.

स्क्रिप्टचा सांगाडा असा. व्ह्यूजचं एम्बेड मॉड्यूल आयात करा. एम्बेडेड म्हणून एक खिडकी उघडा, लूपच्या बाहेर, एकदाच. प्रत्येक ग्राफसाठी नवी खिडकी उघडणारी स्क्रिप्ट मी पाहिली आहे. खिडक्या साठत जातात आणि तिसाव्या ग्राफला लॅपटॉप हात टेकतो. खिडकी दिसायला नको असेल तर उघडतानाच हिडन म्हणा. मग लोड करून मूळ फाइल घ्या. त्यानंतर लूप: महिन्याचा डेटा पांडाजने (तक्ते हाताळायच्या पायथन पॅकेजने) वाचा, सेट-डेटा-डेटटाइम म्हणून वेळ भरा, सेट-डेटा म्हणून चारही मापं भरा, एक्स-अक्षाचं मिन-मॅक्स लावा, शीर्षक लावा, एक्सपोर्ट करा. शेवटी क्लोज. चाळीस ओळींच्या आत बसतं.

हा क्रम सोडू नका. आधी डेटा भरला आणि मग मूळ फाइल लोड केली, तर मूळ फाइलीतला जुना डेटा वर येऊन बसतो. ग्राफ सुंदर येतो, फक्त चुकीच्या महिन्याचा. मूळ फाइलीत डेटा लिंक करून आणला असेल तर ती लिंकही तोडून टाका, नाहीतर दर लोडला ती तुमच्या जुन्या फोल्डरात फाइल शोधत बसते.

एक्सपोर्टमध्ये पानं शून्यापासून मोजली जातात, आणि पान सांगितलं नाही तर फक्त पहिलं निघतं. चार मापं चार पानांवर ठेवलीत तर ५४ वेळा लूप आणि दर फेरीला चार एक्सपोर्ट. "क्षारतेचे ग्राफ निघतच नाहीत" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचं दुखणं हेच होतं.

आता तुमच्या गाइडनी वाय-अक्षाबद्दल जे सांगितलं, त्याकडे येतो. सजावटीचा मुद्दा समजून ते सोडून देऊ नका. तुमच्या थिसिसचा जीव त्यात आहे.

व्ह्यूजमध्ये, किंबहुना कुठल्याही ग्राफच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षाच्या मर्यादा मुळात ऑटो असतात. मे महिन्यात मुखाजवळ क्षारता ३३ ते ३५ पीएसयूच्या (क्षारतेचं एकक) आसपास हलते. अक्ष आपोआप ३२ ते ३६ होतो आणि रेघ पानभर वरखाली नाचते. जुलैत काजळी नदी लाल पाणी घेऊन येते, आतल्या ठिकाणी क्षारता शून्याजवळ जाते आणि भरतीला थोडी वर येते. अक्ष ० ते ४ होतो आणि रेघ पुन्हा पानभर नाचते. दोन्ही ग्राफ शेजारी ठेवले तर परीक्षकाला एकसारखी लाट दिसते. पावसाने खाडी गोडी झाली ही १८ महिन्यांतली सगळ्यात मोठी घटना, आणि ती आकड्यांच्या बारीक अक्षरात लपून बसते. म्हणून क्षारतेला ० ते ४० ठोकून द्या, तिन्ही ठिकाणांना आणि सगळ्या महिन्यांना. मेची रेघ सपाट दिसेल. दिसू दे, ती सपाटच आहे. भरती-ओहोटीचा बारीक चढउतार दाखवायचाच असेल तर त्याचा वेगळा ग्राफ करा आणि शीर्षकात तसं लिहा.

ही मर्यादा स्क्रिप्टमध्ये टाकू नका, मूळ फाइलीत टाका. महिन्यागणिक बदलत नाही ते सगळं मूळ फाइलीत, बदलतं तेवढंच स्क्रिप्टमध्ये. गाइडनी उद्या अक्षरं आणखी मोठी मागितली तर मूळ फाइल उघडायची, स्टाइलशीटमध्ये एक आकडा बदलायचा, सेव्ह करून स्क्रिप्ट चालवायची आणि चहा ठेवायचा. स्क्रिप्टला हातसुद्धा लावायचा नाही.

गढूळपणाचं गणित वेगळं आहे. उन्हाळ्यात आणि पावसात फरक इतक्या पटींचा असतो की सरळ अक्षावर उन्हाळा तळाला चिकटतो. तिथे लॉग अक्ष घ्या. लॉग अक्षाला शून्य चालत नाही, त्यामुळे मिन ०.१ किंवा १ द्या आणि लॉगरने लिहिलेली शून्यं आधी वेगळी काढून बघा. बहुतेकदा ती मोजमापाची शून्यं नसतात, सेन्सर पाण्याबाहेर असतानाची असतात.

वेळेचा अक्ष हा यातला खरा खड्डा. व्ह्यूज आतमध्ये तारीख साठवतं ती १ जानेवारी २००९ पासूनचे सेकंद म्हणून. म्हणून फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अक्षाच्या मिनसमोर ४८,६४,३२,००० असा राक्षसी आकडा दिसतो. तो १ जून २०२४ आहे. घाबरू नका, पण तिथे हाताने आकडे लिहू नका. पायथनमधला नेहमीचा टाइमस्टॅम्प १९७० पासून मोजतो. तो तसाच भरला तर ग्राफ ३९ वर्षं पुढे जातो आणि तुमचा २०२४ चा पाऊस २०६३ साली पडतो. पांडाजच्या तारखा पायथनच्या साध्या डेटटाइममध्ये बदलून सेट-डेटा-डेटटाइमला द्या, अक्षाचा मोड डेटटाइम ठेवा, बाकी ते सांभाळून घेतं.

३९ वर्षांची चूक निदान लगेच दिसते. साडेपाच तासांची दिसत नाही. ती मी स्वतः केली आहे.

मालवणजवळच्या कर्ली खाडीत पातळीचा लॉगर लावला होता. पुरवणाऱ्यांनी घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवलेलं, कागदावर तसा उल्लेख कुठेच नव्हता, आणि मीही विचारलं नाही. महिनाभराचे ग्राफ स्क्रिप्टने काढले, रंगीत छापले आणि आम्हाला होडीतून नेणाऱ्या देवबागच्या तांडेलाला कौतुकाने दाखवले. शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. त्यांनी कागद लांब धरला, पौर्णिमेच्या दिवसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पुनवेक पावणेसाक भरती? ही अष्टमीची येळ."

किनाऱ्यावर कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची सहा. माझ्या ग्राफमध्ये भरतीची उंची उधाणाची होती आणि वेळ भांगाची, म्हणजे अष्टमीच्या कमी भरतीची. सव्वाअकरातून साडेपाच तास गेले की पावणेसहा. आपल्याकडे भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, त्यामुळे साडेपाच तास सरकलेला ग्राफ जवळजवळ उलटाच होतो. जिथे भरती तिथे ओहोटी. पण लाट ती लाटच दिसते, म्हणून सॉफ्टवेअर काही बोलत नाही. खरं तर तापमानाच्या ग्राफने मला आधीच सांगितलं होतं. पाणी दिवसात सगळ्यात गरम सकाळी साडेनऊला होतं म्हणे. मी ते पाहिलं होतं आणि "उथळ खाडी आहे, होत असेल" म्हणून पुढे गेलो होतो.

तेव्हा डेटा वाचल्या वाचल्या वेळेला तिची ओळख द्या. पांडाजमध्ये टीझेड-लोकलाइझने ती यूटीसी (म्हणजे ग्रीनिचची वेळ) आहे असं सांगा, टीझेड-कन्व्हर्टने आशिया/कोलकाता करा आणि मग क्षेत्राची खूण काढून साधी वेळ व्ह्यूजला द्या. तिन्ही लॉगरची घड्याळं एकसारखी असतील असं धरून चालू नका. ठिकाणागणिक एक छोटी यादी ठेवा: कुठला लॉगर कुठल्या वेळेवर आहे. त्यानंतर दर महिन्याच्या पातळीच्या ग्राफवर पौर्णिमा आणि अमावास्येला सव्वाअकराची एक बारीक उभी रेघ स्क्रिप्टनेच टाका. मुखाजवळच्या लॉगरला शिखर तिच्या आसपास पडायला हवं. आतल्या लॉगरला थोडं उशिरा, कारण खाडीत आत भरती पोचायला वेळ लागतो. पाऊणपटीचा नियम काही मिनिटांचा अचूक नाही, पण साडेपाच तासांची चूक पकडायला पुरून उरतो. छापताना ती रेघ लपवा. व्ह्यूजमध्ये प्रत्येक वस्तूला हाइड असतं.

पावसातल्या नोंदींमध्ये तुम्हाला भोकं सापडतील. लॉगरवर शेवाळ आणि कालवं बसतात, साफ करायला वर काढावा लागतो, कधी बॅटरी जाते. गहाळ ओळी नुसत्या वगळल्या तर रेघ भोकाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सरळ उडी मारते आणि मोजलेलं नसलेलं पाणी मोजल्यासारखं दिसतं. वेळा आधी १५ मिनिटांना गोल करा, कारण लॉगरची घड्याळं काही सेकंद सरकतात. मग पूर्ण महिन्याचा पंधरा-पंधरा मिनिटांचा सांगाडा करून त्यावर डेटा बसवा. ३० दिवसांच्या महिन्याला २,८८० ओळी हव्यात. नोंद नसेल तिथे नॅन (आकडा नसल्याची खूण) राहील आणि रेघ तिथेच तुटेल. किती नॅन आले तो आकडा दर फेरीला पडद्यावर छापा. एखाद्या महिन्यात सगळेच नॅन निघाले तर तारखेचा क्रम चुकलाय समजा. लॉगर महिना आधी लिहितो की दिवस आधी, हे फाइलीतल्या १३ तारखेनंतरच्या ओळी बघितल्याशिवाय ठरवू नका.

आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी मध्यंतरी स्क्रिप्टला शिकवलं होतं की ग्राफची फाइल आधीच असेल तर पुढे जा. उपयोग झाला, आणि नंतर अंगाशी आलं. क्षारतेचं कॅलिब्रेशन दुरुस्त करून स्क्रिप्ट पुन्हा चालवली, ती सगळ्या जुन्या फाइली बघून खूश होऊन दोन सेकंदांत संपली. आता मी दर वेळी तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करतो.

शीर्षकांबद्दल. ठिकाणाचं नाव फाइलीच्या नावातून उचलत असाल तर अंडरस्कोर बदलून टाका. व्ह्यूज लेबलमध्ये अंडरस्कोर म्हणजे पुढचं अक्षर खाली उतरवायची खूण समजतं, त्यामुळे भाट्ये-अंडरस्कोर-०१ मधला शून्य बारीक होऊन पायाशी लोंबतो. टोपीच्या खुणेने तेच वर जातं. हवंच असेल तर आधी उलटी तिरकी रेघ द्या. याच सोयीने घनमीटरचा ३ मात्र फुकटात वर चढतो.

तुमच्या विद्यापीठात ओरिजिन या ग्राफच्या सॉफ्टवेअरचा परवाना असेल आणि गाइडना तेच हवं असेल, तर विचार हाच, नावं वेगळी. ते विंडोजवरच चालतं आणि पैशाचं आहे. ओरिजिनप्रो नावाचं पायथन पॅकेज आहे. ग्राफ माऊसने सजवून टेम्पलेट म्हणून जतन करायचा, पायथनने वर्कशीटमध्ये डेटाफ्रेम भरायची, टेम्पलेटवरून नवा ग्राफ काढायचा, त्यात प्लॉट जोडून रीस्केल करायचं. इथे रीस्केल म्हणजे तोच ऑटो अक्ष, तेव्हा त्यानंतर मर्यादा पुन्हा ठोका. बाहेरच्या पायथनमधून चालवताना एक पथ्य पाळा: एक्झिट ही कमांड फायनली भागात हवी. स्क्रिप्ट मधेच पडली तर ओरिजिन मागे अदृश्य चालू राहतं, आणि टास्क मॅनेजर उघडला की अशी चार-पाच भुतं बसलेली सापडतात.

मॅटप्लॉटलिबबद्दल माझं वाकडं काही नाही, रोज वापरतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. थिसिस इंग्रजीत असला तरी ज्यांच्या होडीतून फिरलात त्यांना दाखवायला मराठी ग्राफ हवेतच. मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्या देवनागरीची जुळणी करत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात आणि क्षारता वाचताच येत नाही. व्ह्यूज क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर उभं असल्यामुळे तिथे अक्षरं नीट जुळतात. मूळ फाइलीची एक प्रत करा, स्टाइलशीटमध्ये नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट लावा, अक्षांची नावं मराठीत लिहा. डेटासेटची नावं तीच ठेवलीत तर स्क्रिप्ट जशीच्या तशी चालते, फक्त लोड होणाऱ्या फाइलीचं नाव बदलायचं. एक्स-अक्षावर तारखांखाली तिथ्याही टाका. तारीख आमच्यासाठी, तिथी त्यांच्यासाठी.

सुरुवात एका ठिकाणाच्या एकाच जुलैपासून करा, चार पानं काढा, आणि बाकीच्या ५३ फेऱ्या सोडण्याआधी तो पातळीचा कागद भाट्याच्या पुलाखाली जाळी विणत बसलेल्या कुणालाही दाखवून या.